केरसुणीच्या मानेचा घोडा

आमच्या घरात बसायचं असेल तर आधी केरसुण्या बाजूला साराव्या लागत. होटगी रस्त्याच्या कडेच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं आणि त्यातली एक खोली बारा महिने शिंदीच्या पानांची असायची. केरसुण्या बांधणं हा आमच्या जातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आई पानं उन्हात वाळवायची, खिळे ठोकलेल्या फळीवर विंचरायची आणि मग दुपारभर मुठी बांधत बसायची. पानं विंचरताना होणारा तो खर्र खर्र आवाज मला अजूनही कधी कधी झोप लागता लागता ऐकू येतो. पानांचा बारीक भुसा घरभर उडायचा. पाण्याच्या घागरीवर, अंथरुणावर, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांवर त्याचा थर बसायचा. आई कितीही झाकून ठेवो, भाकरीच्या पिठात एखादं कुसळ जायचंच, आणि ते दातात आलं की आबा म्हणायचे, “आज भाकरी झाडूनशान घेतलीय जनू.” आई म्हणायची, “मग उद्या हलगी भाजून खावा.”

आबा लग्नसराईत हलगी वाजवत आणि एरवी बाजारात पोती उचलत. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर कच्चा कांदा हे आमचं बहुतेक दिवसांचं जेवण. अंबाडीची भाजी असली की आबा जेवताना गुणगुणायचे. वाजवायला जायच्या दिवशी सकाळी अंगणात पाला पेटवून ते हलगी शेकत आणि मधूनमधून बोटांनी तिच्यावर टिचकी मारून बघत. तो आवाज चढत चढत नेमका जागेवर आला की आई आतून म्हणायची, “झाली.” त्यांना ती कधीच चुकीचं सांगत नसे. आम्ही भावंडं केरसुण्यांच्या ढिगावर चढायचो, घसरायचो, त्या उशाला घ्यायचो, त्यांच्यावर टांग टाकून घोडा घोडा करायचो. कुणी रागवत नसे. फक्त मुठी मोडायच्या नाहीत, एवढीच ताकीद होती.

माझं हायस्कूलचं शिक्षण मोहोळला, मावशीकडे राहून झालं. तिथले चित्रकलेचे सर आठवले की आजही हात आपोआप जोडले जातात. रंगाची डबी आणायची माझी ऐपत नव्हती, हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. “ओढ्याची माती आण की. मातीला कुठं दुकान लागतं?” एवढंच म्हणाले. त्या मातीचे मी बैल केले, जातं केलं, आबांची हलगी केली. सरांनी ती हलगी हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. पुढं मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच. शिक्षिकेचं शिक्षणही पुरं केलं आणि सोलापुरातल्या एका खासगी शाळेत दुसरीच्या वर्गावर लागले. पण हंगामी. वर्ष नीट गेलं तर कायम करू, असं हेडसरांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी पांढरी साडी चापूनचोपून नेसून निघाले तेव्हा आई माझ्या पदरावरचा भुसा फुंकून काढत म्हणाली, “तुज्या अंगाला आता ह्यो लागू देऊ नगंस.” महिन्याच्या महिन्याला पगाराची खात्री असलेलं माणूस आमच्या घरात त्याआधी कुणी नव्हतं.

वर्गात सगळ्या तऱ्हेची मुलं होती. पद्माच्या घरात माग होता आणि ती घरी तेलुगू बोलायची. मेहबूबच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. मल्लू पेठेतल्या एका भुसार व्यापाऱ्याचा मुलगा, घरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. हस्तकलेच्या तासाला पुस्तकात घोटीव कागद आणि कात्री सांगितलेली असायची. निम्मी मुलं कागद आणत नसत आणि तासभर दुसऱ्याच्या कात्रीकडे बघत बसत. मला मोहोळचे सर आठवले. एका शनिवारी मी सांगितलं, “सोमवारी येताना घरात जे टाकून दिलंय, कुणाला नकोय, ते घेऊन या. विकत काही आणायचं नाही. विकत आणेल त्याला मी वर्गाबाहेर उभं करीन.”

सोमवारी वर्गात भंगारवाल्याची गाडी उलटावी तसं झालं. मागावरच्या रिकाम्या कांड्या, फाटकी ट्यूब, चेपलेले डबे, तुटका कंगवा, एका पायाची चप्पल, बिनकानाचा कप, सोड्याच्या बाटल्यांची बुचं. मी आधी त्यांना वस्तू हातात धरून नुसतं बघायला लावलं. उलटी धरा, आडवी धरा, लांबून बघा, आणि ती कुणासारखी दिसते ते सांगा. सहा-सात वर्षांची मुलं ती. त्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त गप्प बसून वाट बघावी लागते. चपलेत मेहबूबला मगर दिसली. कंगव्यात पद्माला पाऊस दिसला. मग बांधायचं कसं, तोल कसा सांभाळायचा, जड बाजू खाली का ठेवायची, हे मी दाखवलं. गाठ मारायला मात्र त्यांची त्यांनाच लावली. मेहबूबने ट्यूब कापून म्हैस केली. ती सारखी एका अंगावर पडायची. “बाई, हिला उठताच येत न्हाय.” पद्मा म्हणाली, “गाभण असंल.” अख्खा वर्ग हसला आणि मेहबूबने तिच्या पोटात चिंध्या भरून तिला खरोखरच गाभण केली. मग ती उभी राहिली.

मल्लूने घोडा केला. तुपाच्या रिकाम्या डब्याचं धड, पद्माकडून मागून घेतलेल्या चार कांड्यांचे पाय, बुचांचे डोळे. आणि मान म्हणून घरातली झिजलेली केरसुणी. तिची मूठ त्याने डब्यात खोचली होती आणि उरलेली पानं आयाळीसारखी मागं सोडली होती. एका बाजूने वारा लागल्यासारखी ती आयाळ झुकलेली होती. मी आजवर मुलांच्या हातच्या शेकडो वस्तू पाहिल्या, पण इतकी जिवंत मान पुन्हा पाहिली नाही. “ह्यो घोडा न्हाय, गाढव हाय,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मल्लूने मान वर न करता उत्तर दिलं, “मग तू धोबी हो की.”

आता माझ्या नातीच्या शाळेत या सगळ्याला ‘बेस्ट आऊट ऑफ वेस्ट’ म्हणतात. त्यासाठी लागणारं सामान स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळतं, नव्या कोऱ्या टाकाऊ वस्तूंचं. मागच्या महिन्यात सूनबाई ते पाकीट घेऊन आली. मी नातीला तेवढं बोलावलं आणि तिच्या हातात माझी जुनी चाळणी दिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत प्रदर्शन असायचं. पालक येत, कमिटीचे लोक येत. आम्ही वर्गातल्या वस्तू खिडकीखाली ओळीने मांडून ठेवल्या होत्या. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मल्लूचे वडील शाळेत आले. ते स्वतः कमिटीवर होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मल्लू तेवढा अप्पा. मल्लूने घरी कौतुकाने घोड्याचं वर्णन केलं होतं. हेडसरांनी मला खोलीत बोलावलं तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते आणि घोडा टेबलावर होता. घोडा आधीच तिथं आणून ठेवलाय हे बघून मला काय ते कळलं.

“अवं बाई, हे काय करून ठेवलाव?” अण्णा म्हणाले. “लक्ष्मी हाय ती आमची. लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू वाहतो आमी तिला. पाय लागला तर नमस्कार करतो. आन्‌ तुमी तिचं गाढव केलाव.”

“घोडा आहे,” मी म्हणाले.

“काय बी असंना! जुनी झाली म्हून आमी तिला उकिरड्यावर टाकत न्हाय. कोपऱ्यात ठिवलेली असती. पोरानं तितनं उचलली.”

ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं, आणि मी मनातून चरकले. टाकलेल्या वस्तू आणा असं मी सांगितलं तेव्हा केरसुणीचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. दुसरी कुठलीही बाई असती तर तिला तो आला असता. लहानपणापासून केरसुणी ओलांडू नकोस म्हणून तिने मार खाल्ला असता. आमच्या घरात केरसुण्या ढिगाने पडलेल्या असत, आम्ही त्यांच्यावर लोळून मोठे झालो. तिला पाय लागायची भीती आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. मी म्हणाले, “अण्णा, मुलांना आधी घरी विचारायला सांगायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं.” त्या क्षणी ते उठून गेले असते तर मी मल्लूला जवळ बसवून समजावलं असतं, दोघांनी मिळून घोड्याला दुसरी मान केली असती आणि हे प्रकरण मी लिहिलंही नसतं.

पण अण्णा उठले नाहीत. हेडसरांकडे बघत, मी तिथं नसल्यासारखे म्हणाले, “चूक बाईंची बी न्हाय म्हना. ह्यांच्या घरी त्याचं काय वाटनार? पवित्र काय, अपवित्र काय, हे कळायला घर तसं लागतं की. तुमी नेमतानाच बघायला पायजे होतं.”

हेडसर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. वाईट माणूस नव्हते ते. फक्त कमिटीचा माणूस समोर असला की त्यांना ऐकू कमी यायचं.

माझे कान तापले. आवाज मात्र चढला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी म्हणाले, “अण्णा, तुमच्या घरी केरसुण्या कुणाकडून घेता? दिवाळीआधी डोक्यावर भारा घेऊन एक बाई येते ना, कपाळावर गोंदण असलेली? ती माझी आई. केरसुणी कशी बांधतात ते तुम्ही पाहिलं नसेल. मूठ टाचेखाली दाबावी लागते. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, आणि पायाने रेटून, हाताने ओढून गाठ बसवायची. नुसत्या हाताने बांधली तर ती आठ दिवसांत सुटते. तुमच्या घरातल्या प्रत्येक लक्ष्मीला कुंकू लागायच्या आधी माझ्या आईचा पाय लागलेला आहे. त्या पायावर ती टिकते. आमचं घर कसं आहे ते आता तुम्हाला कळलं. घोडा उद्या प्रदर्शनात राहील.”

घोडा उचलून मी वर्गात आले. दारात मल्लू उभा होता. त्याने किती ऐकलं होतं मला माहीत नाही. त्याने घोड्याचा एक पाय धरला आणि आम्ही दोघांनी मिळून तो खिडकीखाली नेऊन ठेवला.

घरी जाऊन मी हे सगळं अभिमानाने सांगितलं. आई पानं विंचरत होती. तिचा हात थांबला आणि ती अशी भडकली की शेजारची पोरं दारात गोळा झाली. “पायाचं कशाला सांगितलीस, सुले? आँ? माज्या आयनं कुनाला सांगितलं न्हाय, तिच्या आयनं न्हाय. घरात बसून बांधतो, दारात कुनी आलं की पाय झाकून घेतो आमी. आन्‌ तू त्या पेठंच्या मानसाला तोंडावर सांगून आलीस! चार दिसावर दिवाळी आली. आता कोन घील गं? येवढा ढीग कुटं घालू?”

आबा भिंतीला टेकून बसले होते. ते हसायला लागले. “खरंच बोलली की पोरगी.”

“खऱ्यानं पोट भरतं व्हय? तिची बी नोकरी जानार आन्‌ माजी बी गिऱ्हाइकं.”

“माफी मागितली असतीस म्हंजी बरं झालं असतं का?” आबांनी मलाच विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग जेव.” आईने त्या रात्री माझं ताट वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिचं चुकलं होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. अपमान माझा एका दुपारपुरता झाला होता, तिची मात्र वर्षाची दिवाळी पणाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन मांडलं. दारातच थर्मोकोलचे किल्ले आणि दुकानातून आणलेले तक्ते होते. आमच्या वर्गाला मागची, पाण्याच्या टाकीजवळची जागा दिली होती. तरी पालकांची गर्दी तिथंच साचली, कारण मेहबूब प्रत्येकाला म्हैस कधी विणार ते सांगत होता. थोड्या वेळाने हेडसर माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही हुशार आहात. पुढच्या वर्षी कायम व्हाल, मी शब्द टाकीन. अण्णा येतायत. एक झाडू काढायला कितीसा वेळ लागतो?”

“काढायला वेळ लागत नाही, सर. पण मी काढणार नाही.”

“मग सुट्टीनंतर मला तुम्हाला घेता येणार नाही.”

“बरं,” मी म्हणाले. “पण आज संध्याकाळपर्यंत मी या वर्गाची बाई आहे. तोवर इथल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा.” आणि मी टेबलाच्या पुढे जाऊन उभी राहिले.

अण्णा आले. लोक थोडे बाजूला झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाला म्हणाले, “मल्लू, ते काढून टाक.” मल्लू घोड्याशेजारीच उभा होता. त्याने एकदा घोड्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि अगदी अडचण समजावून सांगावी तसा म्हणाला, “अप्पा, मान काढली तर मरंल की त्यो.”

गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. अण्णांचा हात पुढे झाला होता, तो तसाच राहिला. मुलाच्या हातून जे काढून घ्यायचं ते सगळ्यांसमोर घ्यावं लागणार होतं आणि मध्ये मी उभी होते. ते मागे वळले आणि दाराजवळच्या किल्ल्यांकडे निघून गेले. घोडा संध्याकाळपर्यंत उभा राहिला. प्रदर्शन उठलं तेव्हा अण्णा रस्त्यावर थांबले होते. “नडी,” ते मुलाला कानडीत म्हणाले, चल म्हणून. वडील पुढे, मल्लू मागे आणि मल्लूच्या काखेत घोडा, असे ते पेठेच्या दिशेने गेले. त्या घरात पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

माझी नोकरी गेली. नंतर महापालिकेच्या शाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. पण ते त्या दिवाळीत ठाऊक नव्हतं. त्या दिवाळीत मी बी.ए. झालेली बेकार पोरगी होते आणि घरात केरसुण्यांचा ढीग छताला लागला होता. नोकरी गेल्याचं मी आईला रात्री सांगितलं. सकाळी तिने अंगणात नेहमीच्या एका भाऱ्याऐवजी दोन भारे बांधले. माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, “चल. कोन घेत न्हाय ते दोगी मिळून बघू.”

मी तीच पांढरी साडी नेसले होते. आम्ही पेठेत शिरलो. आईने मुद्दाम भुसार दुकानांच्या पुढून, अण्णांच्या गल्लीतून वाट धरली, आणि गल्लीच्या तोंडाशी तिने हाक दिली. मग थांबून माझ्याकडे पाहिलं. मीही हाक दिली. शिकवून शिकवून कमावलेला आवाज होता, गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. दारं उघडली. बायका उंबऱ्यात आल्या, पण पुढे कुणी येईना. एकमेकींकडे बघत राहिल्या. गोष्ट गावभर झाली होती हे उघडच होतं.

शेवटी अण्णांच्या समोरच्या घरातली एक म्हातारी पायरी उतरून आली. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला विचारलं, “हीच का गं तुजी शिकलेली? ती पायाचं बोललेली?”

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, “व्हय. हीच.”

म्हातारीने भाऱ्याकडे पाहिलं. झाडायला घर तिलाही होतं आणि दिवाळी तिच्याही दारात आली होती. “दे मग दोन,” ती म्हणाली. “पर घट्ट बगून दे. मागल्या साली दुसरीकडनं घेतली ती लगीच सुटली.”

आईने भारा खाली उतरवला, दोन केरसुण्या काढल्या आणि गल्लीतल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सुटंल कशी? पाय देऊन बांधल्यात.”